‘सारखंच’ म्हणजे किती वेळा?

शाहूपुरी ही कोल्हापुरातील जुनी व्यापारी पेठ. गुळाच्या व्यापारासाठी १८९५ साली ती वसवण्यात आली. रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक जवळच असल्याने इथे दिवसभर रिक्षा, टेम्पो, हातगाड्या यांची वर्दळ असते. या भागातील एका शाळेत चौथीला शिकवणाऱ्या बाई एका संध्याकाळी आमच्याकडे आल्या. आमचा व्यवसाय प्रयोगशाळेतील संशोधनाचा. मुलांच्या मनाचा आणि आमचा तसा थेट संबंध नाही. पण ‘सर, तुम्ही विज्ञानवाले, काहीतरी सुचवा’ असे म्हणून त्या बसल्या.

प्रश्न एका मुलाचा होता. त्याला आपण बंडू म्हणू. (ओळख पटू नये म्हणून दोन-तीन मुलांचे अनुभव एकत्र करून आम्ही हा बंडू उभा केला आहे. पुढे त्याच्याबद्दल येणारे आकडेही त्यामुळे उदाहरणादाखलच समजावेत.) बंडू जागेवर बसत नाही, शेजाऱ्याला चिमटे काढतो, पुढच्याच्या पाठीवर खडूने रेघोट्या ओढतो, मध्येच बाकावरून उडी मारतो. रागावून झाले, अंगठे धरून उभे करणे झाले, आईवडिलांना बोलावणे झाले. वडील टेम्पो चालवतात. ते म्हणाले, ‘शिकायचंच नसलं तर गावाकडं धाडतो बाई त्याला. म्हशी तरी राखील.’ हेडसरही कंटाळले होते.

‘याला काही औषध असतं का हो सर?’ बाईंनी विचारले.

आम्ही उलट विचारले, ‘तो हे किती वेळा करतो?’

‘सारखंच.’

‘सारखंच म्हणजे दिवसातून किती वेळा? कोणत्या तासाला जास्त? त्याच्या आधी काय झालेलं असतं?’

बाई गप्प झाल्या. मग थोड्या चिडून म्हणाल्या, ‘सत्तेचाळीस पोरं असतात सर. मोजत कोण बसणार?’

त्यांचे म्हणणे खरेच होते. पण आमच्यापुढेही दुसरा मार्ग नव्हता. प्रयोगशाळेत एखादे यंत्र अधूनमधून बिघडू लागले, की आम्ही आधी ते केव्हा बिघडते याची नोंद ठेवतो. ‘सारखंच बिघडतं’ असे म्हणणाऱ्या सहकाऱ्याला कोणी दुरुस्त करून देत नाही. मुलाला यंत्र मानावे असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. पण यंत्राला आपण जेवढा न्याय देतो, तेवढा तरी मुलाला मिळावा.

तीन रकान्यांची वही

वर्तनाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एक साधे साधन वापरतात. वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात ‘आधी काय घडले’, दुसऱ्यात ‘मुलाने काय केले’, तिसऱ्यात ‘नंतर काय झाले’. बाजूला वेळ आणि विषय. एवढेच. अट एकच, की दुसऱ्या रकान्यात जे डोळ्यांना दिसले तेच लिहायचे. ‘उद्धटपणा केला’ हे निरीक्षण नव्हे, तो आपण काढलेला निष्कर्ष आहे. ‘नाव पुकारल्यावर मान वर केली नाही’ हे निरीक्षण.

यामागची कल्पना अशी. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की एखाद्या कृतीनंतर जे मिळते, त्यावर ती कृती पुन्हा होणार की नाही हे ठरते. कळ दाबल्यावर खाणे मिळाले, की उंदीर कळ दाबत राहतो. कृती टिकवून धरणाऱ्या अशा परिणामाला ‘प्रबलन’ म्हणतात. माणसाचे मूल उंदरापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे आहे, हे कबूल. पण हा नियम त्यालाही चुकलेला नाही. पुढे याच विचारातून शाळेतल्या वर्तनाकडे पाहण्याची रीत तयार झाली. त्रासदायक वर्तनातून मुलाला बहुधा चारपैकी एखादी गोष्ट मिळत असते: कोणाचे तरी लक्ष, नकोशा कामातून सुटका, हवी असलेली वस्तू किंवा संधी, आणि शरीराला बरे वाटणारी एखादी संवेदना (उदा. सतत झुलणे, पेन्सिल चावणे). म्हणून ‘हा मुलगा कसा आहे?’ असे न विचारता ‘या कृतीतून त्याला काय मिळते?’ असे विचारायचे.

येथे एक फसवी जागा आहे. आपण ज्याला शिक्षा म्हणतो ते मुलाच्या दृष्टीने बक्षीस असू शकते. १९६८ साली मॅडसन, बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका पहिलीच्या वर्गात याची पाहणी केली. मुले जागेवरून उठत, म्हणून शिक्षिका ‘खाली बसा’ असे सांगत. संशोधकांनी त्यांना हे अधिक वेळा सांगायला लावले, तेव्हा उठणाऱ्या मुलांचे प्रमाण वाढले. उलट बसून काम करणाऱ्या मुलांचे कौतुक सुरू केल्यावर ते घटले. ‘खाली बसा’ म्हटल्यावर मूल क्षणभर खाली बसते, म्हणून शिक्षिकेला वाटते की उपाय लागू पडला. मुलाला मात्र कळते, की उठलो की बाई आपल्याकडे पाहतात.

आमचा पहिला अंदाज चुकला

दहा शाळा-दिवसांनंतर बाई वही घेऊन आल्या. एकूण ३४ नोंदी. म्हणजे दिवसाला तीन-चार. बाईंनाच नवल वाटले. ‘मला वाटलं होतं पन्नास तरी होतील एका दिवसात.’ मोजणीचा हा पहिला फायदा. त्रास मोजला की तो आटोक्यातला दिसू लागतो.

दुसरी गोष्ट. चित्रकलेच्या आणि खेळाच्या तासाला एकही नोंद नव्हती. चित्र काढताना बंडू पूर्ण तास एका जागी बसलेला होता. ३४ पैकी २७ नोंदी ‘फळ्यावरचे काम’ या शीर्षकाखाली होत्या. आणि तिसऱ्या रकान्यात २१ वेळा एकच मजकूर होता: ‘वर्गाबाहेर उभे केले.’

आम्ही लगेच निष्कर्ष काढून मोकळे झालो. फळ्यावरचे दिसत नसणार! डोळे तपासून घ्या. बंडूच्या आईने एक दिवस कामावर खाडा करून त्याला नेले. डोळे उत्तम होते. त्या माउलीची दिवसाची मजुरी आमच्या घाईपायी बुडाली.

चूक कुठे झाली, हे आम्हांला नव्हे, बाईंना दिसले. वही पुन्हा चाळताना त्या म्हणाल्या, ‘सर, फळ्यावर लिहून ठेवलं आणि उतरवून घ्या म्हटलं, की तो गप उतरवतो. मी फळ्याकडं तोंड करून बोलत बोलत लिहिते ना, तेव्हा सुरू होतं याचं.’ आम्ही ‘फळ्यावरचे काम’ या एकाच शीर्षकाखाली दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या. एकीत डोळ्यांनी घ्यायचे होते, दुसरीत कानांनी. त्या वेगळ्या काढल्यावर चित्र पालटले. श्रुतलेखन, तोंडी गणिते आणि पाठमोरे राहून केलेले स्पष्टीकरण, या तिन्हींत मिळून त्या २७ पैकी जवळजवळ सगळ्या नोंदी बसल्या.

मग सहाव्या दिवसाच्या एका नोंदीकडे आमचे लक्ष गेले. बाईंनी लिहिले होते: ‘तोंडी गणित. साठातून आठ गेले, किती उरले? बंडू म्हणाला, शून्य. वर्ग हसला. त्याने शेजाऱ्याची वही भिरकावली. बाहेर उभे केले.’

साठातून आठ. ‘साठ’मधला ‘स’ ऐकूच आला नाही तर काय उरते? आठातून आठ. उत्तर शून्य, आणि तेही अगदी बरोबर.

बाईंनी आईला घरचे विचारले. आई म्हणाली, ‘हाक मारली तरी ओ देत नाही. मुद्दाम करतंय. आणि टीव्हीचा आवाज एवढा मोठा लावतंय की शेजारीण भांडायला येते. सर्दी तर बारमाहीच.’ घरी ‘मुद्दाम’ आणि शाळेत ‘उद्धट’. एकाच गोष्टीची दोन नावे.

कानामागे काय चालले होते?

सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात तपासणी झाली. बंडूच्या दोन्ही कानांत पडद्यामागे द्रव साठलेला होता.

हा विकार लहान मुलांत बराच आढळतो, आणि दुखत नसल्याने सहसा लक्षात येत नाही. कानाच्या पडद्यामागे मध्यकर्ण ही हवेने भरलेली छोटी पोकळी असते. नाकाच्या मागच्या भागापासून एक बारीक नळी तिथपर्यंत जाते. तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. गिळताना, जांभई देताना ती उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा होतो. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये ही नळी आखूड आणि अधिक आडवी असते. वारंवार सर्दी झाली की ती सुजून बंद होते, आणि पोकळीत हवेऐवजी द्रव साठतो. पडदा आणि त्यामागची तीन इवली हाडे मोकळेपणाने हलेनाशी होतात. ऐकण्यात साधारण २० ते ३० डेसिबलची घट येते. दोन्ही कानांत बोटे घालून वर्गात बसा, म्हणजे साधारण कल्पना येईल.

आता थोडे भौतिकशास्त्र. मोकळ्या जागेत आवाजापासूनचे अंतर दुप्पट झाले की त्याची पातळी ६ डेसिबलने कमी होते. शिक्षकाचा आवाज एक मीटरवर ६० डेसिबल धरला, तर दोन मीटरवर ५४ आणि चार मीटरवर ४८. (खोलीत भिंतींवरून परावर्तन होते, म्हणून घट जरा कमी असते. पण त्याच परावर्तनाने शब्द एकमेकांत मिसळतात.) बंडू पुढच्यांना त्रास देतो म्हणून त्याला मागच्या बाकावर, रस्त्याकडच्या खिडकीशी बसवलेले होते. तिथे पोहोचलेल्या ४८ डेसिबलमधून कानातली २५ डेसिबलची घट वजा करा. उरले २३. हे कुजबुजीपेक्षाही कमी. आणि बाई फळ्याकडे वळल्या की हेही कमी व्हायचे, शिवाय ओठ दिसायचे बंद व्हायचे.

बोलण्यातले सगळे ध्वनी सारखे बुलंद नसतात. आ, ओ, ई हे स्वर जोरकस असतात. स, श, फ, थ, ट अशी व्यंजने क्षीण असतात. ऐकणे कमी झाले की आधी ही व्यंजने हरवतात. मुलाला आवाज येतो, पण शब्द समजत नाही. म्हणून ‘याला ऐकू येतं की! खाऊचं नाव काढलं की बरोबर येतो’ हा आक्षेप निरुपयोगी आहे. घरातल्या शांततेत, समोरासमोर, ओळखीचा शब्द कळणे वेगळे. सत्तेचाळीस मुलांच्या वर्गात रस्त्यावरच्या हॉर्नमधून ‘साठ’ आणि ‘आठ’ वेगळे करणे वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेनुसार वर्गातला पार्श्वभूमीचा गोंगाट ३५ डेसिबलच्या वर नसावा. भर पेठेतल्या कोणत्या शाळेला हे साधेल?

शिवाय हा विकार चढउतार करणारा असतो. सर्दी उतरली की ऐकणे सुधारते, पुन्हा सर्दी झाली की घटते. म्हणून ‘काल तर नीट वागला, मग आज काय झालं?’ असे कोडे पडते. बहुतेक मुलांमध्ये हा द्रव तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतो. म्हणून डॉक्टर आधी वाट पाहतात, आणि टिकून राहिला तरच पुढचे उपाय करतात. घरगुती उपाय म्हणून कानात तेल मात्र घालू नये. द्रव पडद्याच्या आत असतो, तेल बाहेरच राहते.

कान सुधारला, खोडी राहिली

गोष्ट इथे संपली असती तर फार सोयीचे झाले असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीन महिन्यांत बंडूचे ऐकणे बरेच सुधारले. त्याला पहिल्या बाकावर आणले. पण खोड्या थांबल्या नाहीत.

याचे उत्तर वहीच्या तिसऱ्या रकान्यात होते: ‘वर्गाबाहेर उभे केले’, २१ वेळा. बंडूच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. बाई काहीतरी सांगत आहेत, कळत नाही. थोड्याच वेळात आपल्याला विचारतील, आपण काहीतरी भलतेच सांगू आणि वर्ग हसेल. अशा वेळी शेजाऱ्याची वही भिरकावली की काय होते? बाहेर जायला मिळते. तिथे कोणी प्रश्न विचारत नाही, रस्त्यावरची गंमत दिसते, येणारेजाणारे बोलतात. शिवाय ‘मठ्ठ’ म्हणून हसले जाण्यापेक्षा ‘डेंजर’ म्हणून ओळखले जाणे केव्हाही बरे. दोन वर्षे आपण त्याला नेमके हेच शिकवले होते: काम टाळायचे असेल तर दंगा कर. कारण दूर झाले तरी शिकलेली सवय आपोआप पुसली जात नाही.

तेव्हा बाईंनी तीन गोष्टी ठरवल्या.

पहिली, काम सुटण्यासारखे करायचे. श्रुतलेखनाची वाक्ये वर्गाकडे तोंड करून, दोनदा सांगायची. बोलणे आणि फळ्यावर लिहिणे एकाच वेळी करायचे नाही. याचा फायदा बंडूलाच नव्हे, साऱ्या वर्गाला झाला.

दुसरी, सुटकेचा सरळ मार्ग शिकवायचा. बंडूला पुठ्ठ्याचा एक लाल तुकडा दिला. कळले नाही तर तो बाकावर उभा ठेवायचा. बाई जवळ येऊन पुन्हा सांगतील, वर्गासमोर उत्तर विचारणार नाहीत. ही कल्पना साधी वाटते, पण सगळी मदार तिच्यावरच असते. वाईट सवय नुसती काढून घेता येत नाही, तिचेच काम करणारी चांगली सवय तिच्या जागी द्यावी लागते. जी गोष्ट दंगा करून मिळत होती, ती मागून मिळाली पाहिजे, आणि अधिक लवकर मिळाली पाहिजे.

तिसरी, दंगा केला तरी बाहेर पाठवायचे नाही. कोणाला लागणार नाही एवढे पाहायचे, फार बोलायचे नाही, आणि हातातले काम शांतपणे त्याच्यापुढेच ठेवायचे.

आधी भडका, मग उतार

पहिल्या आठवड्यात काय झाले? खोड्या वाढल्या. दिवसाला तीन-चार होत्या, त्या सात-आठ झाल्या. एके दिवशी बंडूने कंपासपेटी खिडकीतून रस्त्यावर फेकली. हेडसर म्हणाले, ‘बाई, हे लाडाचे प्रयोग पुरे करा.’ बाईही डगमगल्या.

हा भडका अपेक्षित असतो, आणि तो शिक्षकांना आधी कोणी सांगत नाही, म्हणून चांगले उपाय अर्ध्यावर सोडले जातात. नेहमी उघडणारे दार एक दिवस उघडले नाही, तर आपण काय करतो? लगेच परत फिरत नाही. आधी कडी जोरात वाजवतो, धक्के मारतो, हाका घालतो. मूलही तेच करते. अशा वेळी आपण कंटाळून दार उघडले, म्हणजे ‘जा बाहेर!’ म्हटले, तर ते नवा धडा शिकते: थोडा दंगा पुरत नाही, मोठा करावा लागतो. आज बाहेर काढले, उद्या नाही, परवा पुन्हा काढले, असे झाले तर आणखी वाईट. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने जडलेली सवय सर्वांत चिवट असते, हे स्किनरच्याच प्रयोगांत दिसले होते. म्हणून उपाय सुरू करण्यापूर्वीच हेडसर, इतर शिक्षक आणि घरचे यांना विश्वासात घ्यावे, आणि निदान तीन आठवडे तरी ठाम राहता येईल अशा वेळीच तो सुरू करावा.

बाई ठाम राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात रोजच्या नोंदी दोनवर आल्या, आणि दुसऱ्या चाचणीपर्यंत आठवड्याला दोन-तीनवर. बंडू आदर्श विद्यार्थी झाला नाही. अजूनही तो चिमटे काढतो. पण लाल पुठ्ठा दिवसातून चारपाच वेळा उभा राहू लागला, आणि गावाकडे धाडायची भाषा घरात थांबली. आमच्या मते एवढे यश पुष्कळ आहे.

प्रत्येक बंडूचा कान खराब नसतो

ही गोष्ट वाचून सगळ्या खोडकर मुलांना कान तपासायला पाठवावे, असे कोणी समजू नये. सांगायचे आहे ते एवढेच, की एकाच वर्तनामागे अनेक कारणे असतात आणि ती नोंदींतून वेगळी करावी लागतात. शिक्षकांनी मनात ठेवावी अशी काही कारणे पुढे देत आहोत.

झोप आणि भूक. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. मोठ्यांची झोप अपुरी झाली की ती सुस्तावतात, लहान मुले मात्र पुष्कळदा उलट चळवळी आणि चिडखोर होतात. नोंदी सकाळच्या पहिल्या तासाला दाटत असतील, तर रात्री किती वाजता झोपलास आणि सकाळी काय खाल्लेस, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

रक्तक्षय. लोह कमी पडले की लक्ष टिकत नाही, मूल लवकर थकते आणि किरकिरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील दोन-तृतीयांशांहून अधिक बालकांत रक्तक्षय आढळला. हीच मुले पुढे आपल्या वर्गात येतात.

क्षणिक फेफरे. काही मुले बोलता बोलता पाच-दहा सेकंद शून्यात पाहतात, पापण्या फडफडतात, आणि काहीच घडले नाही अशी पुढे चालू लागतात. याला आपण ‘तंद्री’ म्हणतो. हा अपस्माराचा एक प्रकार असू शकतो. दिवसातून तो अनेकदा होतो, मेंदूच्या विद्युत आलेखावर ओळखता येतो आणि औषधाने बहुतेकदा आटोक्यात येतो.

अध्ययन अक्षमता. बुद्धी उत्तम, पण वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखादी वाट अडलेली. अशा मुलांसाठी शालान्त परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्राने १९९६ सालापासून सुरुवात केली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश झाला. वाचायची पाळी आली की लघवीला जाणाऱ्या मुलाकडे या दृष्टीने पाहावे.

अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता. हे नाव हल्ली फार सैल हाताने चिकटवले जाते. निदानाचे निकष कडक आहेत. लक्षणे बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली हवीत, निदान सहा महिने टिकलेली हवीत, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. बाईंनी सुरुवातीला जे औषध विचारले होते, तशी औषधे या विकारासाठी आहेत आणि योग्य निदान झालेल्या मुलांना त्यांचा चांगला उपयोगही होतो. पण निदान डॉक्टरांचे, आणि त्याला आधार आपल्या वहीचा.

भीती. चांगले वागणारे मूल एकाएकी आक्रमक किंवा एकदम मुके झाले, एखाद्या व्यक्तीपासून अंग चोरू लागले, तर थांबून विचार करावा. घरातली मारहाण, जवळच्याचा मृत्यू, लैंगिक अत्याचार, यांपैकी काहीही असू शकते. अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक वर्गात लावून ठेवावा.

तपासणीसाठी दरवेळी खाजगी दवाखाना गाठावा लागत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची पथकांमार्फत वर्षातून एकदा तपासणी होते. पथक येईल त्या दिवशी आपली वही तयार असेल, तर गर्दीत नेमक्या मुलाकडे त्यांचे लक्ष वेधता येते. कानाबद्दल शंका असल्यास शांत खोलीत एक सोपी चाचणी करून पाहता येईल. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहा, त्याला एक कान बोटाने बंद करायला सांगा आणि कुजबुजत्या आवाजात तीन अंक किंवा अक्षरे म्हणा. ती त्याने परत सांगायची. मग दुसरा कान. वारंवार चुकला, तर डॉक्टरांकडे पाठवा. या चाचणीने निदान होत नाही, पाठवायचे की नाही एवढेच ठरते.

शाळेत आणणे आणि शाळेत ठेवणे

कोल्हापूरच्या शिक्षकांना या बाबतीत मोठा वारसा आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळी तो मोठा होता. मुलांना शाळेत आणण्याची ही लढाई होती. पण सगळी मुले आली म्हणजे सगळ्या प्रकारची मुले आली. निवडून घेतलेल्या पंचवीस शांत मुलांना शिकवणे निराळे आणि आलेल्या प्रत्येकाला शिकवणे निराळे.

याच शहरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि शिक्षेवाचून शाळा चालवता येते, हे वर्षानुवर्षे करून दाखवले. नंतर कायदाही त्याच दिशेने आला. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली, आणि प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्यासही. अनेक शिक्षक आम्हांला म्हणतात, ‘छडी काढून घेतली, बदल्यात काय दिलं?’ प्रश्न रास्त आहे. नुसती मनाई म्हणजे पद्धत नव्हे. छडीच्या जागी निरीक्षण आले पाहिजे, त्यासाठी वेळ, लहान वर्ग आणि जवळपास जाणकार माणसे मिळाली पाहिजेत. हे सगळे मिळेपर्यंत वही मात्र आपल्या हातातली आहे. एका वेळी एकच मूल घ्या, दहाच दिवस नोंदी करा. बाईंना रोज त्यासाठी दहा मिनिटे लागली, त्याहून अधिक नाही.

गेल्या महिन्यात बाई पुन्हा आल्या. हातात नवी वही होती.

‘आता कोण?’ आम्ही विचारले.

‘तिसऱ्या बाकावरची एक मुलगी आहे. काही त्रास देत नाही. म्हणूनच लिहायला घेतलं. सहा दिवस झाले सर, दुसऱ्या रकान्यात लिहायला काही मिळेना. एक शब्द बोललेली नाही ती.’

दंगा करणारे मूल निदान काहीतरी बिनसले आहे हे आपल्याला ओरडून सांगते. गप्प मुलांसाठी वही अधिकच लवकर उघडायला हवी. आपल्या वर्गात असे प्रयत्न कोणी करत असेल, तर ते फसलेले असले तरी आम्हांला जरूर कळवा.